मीटरवर मायनस दिसला की रेझिस्टर बाजूला ठेवा

प्रश्न: माझ्याकडे एक जुना इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आहे, मागे नऊ पिनचा सिरियल पोर्ट. त्याचं रीडिंग ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर घ्यायचंय. व्होल्टेज जास्त म्हणून दोन रेझिस्टर लावून कमी केलं, बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) दोन्हीकडे ९६००, तरी स्क्रीनवर नुसता कचरा येतोय. काय चुकतंय?

उत्तर: बॉड रेटच्या मागे आत्ताच लागू नका. आरएस-२३२, म्हणजे त्या नऊ पिनच्या पोर्टवरचा सिग्नल, हा आपल्या बोर्डाचाच सिग्नल, फक्त जास्त व्होल्टचा, असं धरून चाललात तिथेच घोळ झाला, कारण तो उलटाही असतो. बोर्डच्या पिनवर १ म्हणजे ३.३ व्होल्ट आणि ० म्हणजे शून्य, पण काट्याच्या पोर्टवर १ म्हणजे उणे ३ ते उणे १५ आणि ० म्हणजे अधिक ३ ते अधिक १५, आणि लाइन गप्प असते तेव्हाही ती १ वरच, म्हणजे मायनसमध्येच बसलेली असते. रेझिस्टरने आकडा लहान होतो पण चिन्ह काही पलटत नाही, मग बोर्डाला स्टार्ट बिट (प्रत्येक अक्षराची सुरुवात सांगणारा बिट) कुठला तेच कळत नाही. वर मायनस थेट पिनमध्ये जातोय ते वेगळंच, पिन अजून जिवंत असेल तर नशीब समजा!

आधी मीटर घ्या, काळी प्रोब पिन ५ वर (तो ग्राउंड), लाल आधी २ वर मग ३ वर. काटा काही पाठवत नसताना जिथे ठाम मायनस दिसेल ती पाठवणारी लाइन, दुसरीवर शून्याच्या आसपास काहीतरी दिसेल.

मग मॅक्स३२३२ आणा, ही चिप सिग्नल उलटवून बोर्डच्या व्होल्टेजवर आणते; मॅक्स२३२ नको, त्याला ५ व्होल्ट सप्लाय लागतो आणि तो तुमच्या पिनला ५ व्होल्टच देईल. ३२३२ ला बोर्डचेच ३.३ द्या, ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावा, त्यांच्यातूनच तो प्लस-मायनस तयार करतो. काट्याची पाठवणारी लाइन चिपच्या पिन १३ ला, बोर्डचा आरएक्स (डेटा घेणारा पिन) चिपच्या पिन १२ ला. आणि ग्राउंड जोडायला विसरू नका, निम्मे लोक तिथेच अडकतात.

रेझिस्टर फेकू नका बरं का, ५ व्होल्टच्या बोर्डवरून ३.३ वर यायचं असेल तर १ के आणि २ के (किलो-ओहम) ची जोडी मस्त चालते, तिथे चिन्हाची भानगडच नाही.

एवढं करूनही कचराच आला तर मग सेटिंग बघा, काट्यांमध्ये ७ बिट, इव्हन पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) बऱ्याचदा असते.