मामांची सही आणि नणंदेचा शनिवार

(ताई डेट्रॉइटच्या एका रुग्णालयात ३१ वर्षं सोशल वर्कर होत्या. वाचकांच्या प्रश्नांना त्या या सदरातून उत्तरं देतात.)

ताई, लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा आफ्रिकन-अमेरिकन, डेट्रॉइटचाच. सासूबाईंना घरात सगळे 'मामा' म्हणतात; पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इकडेतिकडे कोण मामा आलेत ते बघत होते. त्या आता ७९ वर्षांच्या आहेत. लहानपणी अलाबामातून इथे आल्या, शाळेच्या कँटीनमध्ये आयुष्य काढलं. सासरे व्हिएतनामच्या लढाईत होते, ते सहा वर्षांपूर्वी गेले. वर्षभरात मामांचं विसरणं फार वाढलंय. गॅस चालू राहतो, गेलेल्या भावासाठी ताट वाढतात. डॉक्टरांचं नाव काढलं की उठून आत जातात. नणंद रात्रपाळी करते आणि दिवसा त्यांच्यापाशी असते. स्वतःच्या बीपीच्या गोळ्या घ्यायलाही तिला सुचत नाही. मदतीचं काढलं की म्हणते, "आम्ही आमची माणसं परक्यांच्या हाती देत नाही. तुला नाही कळायचं." मी बाहेरची, पण नुसतं बघत बसवत नाही. सुरुवात कुठून करू?
— एक सून, डेट्रॉइट

तुझ्या नणंदेचं वाक्य मी आधी माझ्या साताऱ्याच्या आत्याच्या तोंडून ऐकलं आणि मग डेट्रॉइटमध्ये शेकडो वेळा. फरक एवढाच की आत्याला 'लोक काय म्हणतील' याची धास्ती होती, इथे धास्तीला इतिहास आहे. मामा अलाबामाच्या ना? त्याच राज्यात, टस्कीगी गावाच्या आसपास, १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० काळ्या पुरुषांवर उपदंशाचा (सिफिलिसचा) 'अभ्यास' केला. आजार आहे हे त्यांना धड सांगितलं नाही, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिलं नाही. मामा जन्मल्या, शिकल्या, कामाला लागल्या, तोवर ते चालूच होतं. तेव्हा त्या डॉक्टरांना नको म्हणतात त्याला हट्टीपणा म्हणू नकोस, निदान त्यांच्यासमोर तरी.

पण डॉक्टरांकडे न्यायला हवंच. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, एखादं चुकीचं औषध, मनाची उदासी यांनीही माणूस असाच विसरतो, आणि यातलं बरंचसं सुधारतं. दुसरं कारण कडू आहे. इथल्या काळ्या ज्येष्ठांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि निदान मात्र उशिरा होतं. 'रक्तातच असेल' म्हणून सोडून देऊ नकोस. रक्तदाब, मधुमेह आणि जन्मभराची ओढाताण यांचा त्यात मोठा वाटा आहे.

आता नेणार कोण? तू नाही, आणि माझ्यासारखी फाइल घेतलेली बाई तर नाहीच. नोकरीच्या सुरुवातीला एका आजीबाईंच्या घरी मी फॉर्म घेऊन तीनदा गेले आणि तीनदा दारातूनच परत आले. चौथ्यांदा त्यांच्या चर्चच्या नर्स मंडळातली एक बाई माझ्याबरोबर आली. पांढरा गणवेश, पांढरी टोपी, रविवारी प्रार्थनेत कुणाला भोवळ आली तर पंखा घेऊन धावणाऱ्या त्या बायका तू बघितल्या असशील. ती आजींशेजारी बसली, आधी अर्धा तास पीच कॉबलरवर बोलली, मग म्हणाली, "डॉक्टरकडे मी येते बरोबर." झालं काम. मामांच्या चर्चमध्ये अशी कोण आहे ते शोध. जूनच्या दुसऱ्या रविवारी देशातली बरीच काळी चर्चेस 'मेमरी संडे' पाळतात. 'बाम इन गिलियाड' ही संस्था तो चालवते. त्या दिवशी व्यासपीठावरूनच स्मृतिभ्रंशावर बोललं जातं. नणंदेला जे तुझ्याकडून ऐकवत नाही ते पास्टरकडून ऐकवेल.

डेट्रॉइटमध्ये आणखी एक जागा आहे. वेन स्टेट विद्यापीठाच्या जराविज्ञान (म्हातारपणाचा अभ्यास) संस्थेचं 'हेल्दियर ब्लॅक एल्डर्स सेंटर'. शहरातल्या काळ्या ज्येष्ठांसाठी ते फुकट जेवण-व्याख्यानं ठेवतात, आणि त्यांची सल्लागार समितीही शहरातल्या ज्येष्ठांचीच आहे. मामांना 'तपासणीला चल' म्हणू नका, 'जेवायला चल' म्हणा.

पुढचं काम तुझं, कारण फोनवर ताटकळत राहण्याचा संयम नणंदेकडे उरलेला नसणार. डेट्रॉइट एरिया एजन्सी ऑन एजिंगला, म्हणजे ज्येष्ठांना सेवा मिळवून देणाऱ्या इथल्या कचेरीला, फोन कर. १९६५च्या ओल्डर अमेरिकन्स कायद्यातून देशभर अशा सहाशेहून अधिक कचेऱ्या चालतात. दुसऱ्या गावच्या वाचकांनी ८००-६७७-१११६ या क्रमांकावर आपली कचेरी विचारावी. मामांना कोणत्या सेवा मिळतील, हे तर विचारच, पण "सांभाळणाऱ्या मुलीसाठी काय आहे?" असंही स्पष्ट विचार. २००० सालापासून त्यासाठी वेगळा कार्यक्रम आहे, त्यातून काही तासांची बदली माणसं, सल्ला, प्रशिक्षण मिळतं. न विचारता कोणी सांगत नाही, हा माझा ३१ वर्षांचा अनुभव, आणि त्या न सांगणाऱ्यांत कधीकधी मीही होते.

पैशाचं. मेडिकेअर आणि मेडिकेड ही नावं जुळ्या भावांसारखी, स्वभाव वेगळे. मेडिकेअर हा मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा, मेडिकेड कमी उत्पन्नवाल्यांचा. मेडिकेअर दवाखान्याचं बघतं; रोजची अंघोळ, भरवणं, राखण यांचे पैसे देत नाही. मिशिगनमध्ये मेडिकेड असलेल्यांसाठी 'होम हेल्प' आहे. मामांना अंघोळ-कपड्यांना हात लागतो असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर ते काम करणाऱ्या मुलीला त्यातून पैसे मिळू शकतात. नवरा-बायकोला मिळत नाहीत, मुलीला मिळतात. नणंद म्हणेल, "आईचं करायचे पैसे घेऊ?" तिला सांग, तिची आजी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करत असेल तर १९३५च्या सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शनच्या कायद्याने घरकाम करणाऱ्यांना आणि शेतमजुरांना बाहेरच ठेवलं होतं. या घराचे कष्ट हिशेबात न धरण्याची सवय सरकारला पूर्वीपासूनची, आपण ती पुढे चालवायला नको.

स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आणि मामा मूळ मेडिकेअरवर असतील (खासगी कंपनीच्या ॲडव्हांटेज योजनेवर नव्हे), तर दवाखान्यात मेडिकेअरच्या 'गाइड' या स्मृतिभ्रंशाच्या कार्यक्रमाबद्दल विचारा. जुलै २०२४पासून सुरू झालाय. पात्र रुग्णाच्या घरच्यांना विसावा मिळावा म्हणून त्यात वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत तरतूद आहे. आणि सासऱ्यांची लष्करातली कागदपत्रं? 'डीडी-२१४' नावाचा, लष्करातून सुटल्याचा दाखला कपाटात असेलच. युद्धकाळात सेवा केलेल्याच्या विधवेला, उत्पन्न मर्यादेत असेल तर, पेन्शन आणि मदतनिसासाठी वाढीव रक्कम मिळू शकते. पात्र असून न मागितलेल्या किती बायका बघितल्या म्हणून सांगू.

आता सगळ्यात घाईचं, आणि हे मी शेवटी लिहिलं म्हणून शेवटी करू नकोस. मामांना समजून सही करता येतेय तोवर दोन कागद करून घ्या. एक, उपचारांचे निर्णय कोण घेणार ते; मिशिगनमध्ये त्याला 'पेशंट ॲडव्होकेट' नेमणं म्हणतात. दोन साक्षीदार लागतात आणि ते घरचे चालत नाहीत, म्हणजे चर्चमधल्या दोघी पुन्हा कामाला आल्या. दुसरा, व्यवहाराचं मुखत्यारपत्र. घर मामांच्या नावावर असेल तर वकिलाला 'लेडी बर्ड डीड'चंही विचारा; त्या कागदाने घर हयातीत मामांच्याच हाती राहतं आणि नंतर कोर्टकचेरीशिवाय ठरवलेल्या माणसाकडे जातं. मृत्युपत्राशिवाय पडून राहिलेली, भावंडांच्या भांडणात गेलेली काळ्या कुटुंबांची घरं या शहरात गल्लोगल्ली आहेत. साठीपुढच्यांना फुकट कायदेशीर सल्ला त्याच एजन्सीमार्फत मिळतो.

आणि शनिवार तू घे. "काही लागलं तर सांग" असं म्हणू नकोस, ती सांगणार नाही. "शनिवारी दहा ते चार मी मामांपाशी आहे, तू झोप," एवढं म्हण. मामांबरोबर हिरव्या भाज्या निवडत बस, कॉलर्डची पानं खुडायला त्यांचे हात अजून विसरलेले नसतील. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर अल्झायमर्स असोसिएशनचा ८००-२७२-३९०० हा फोन चोवीस तास चालू असतो. तो तिच्या फ्रिजवर लाव.

ताई, आमच्या शेजारचे काळे आजोबा एकटेच बायकोचं करतात. डबा द्यावासा वाटतो, पण त्यांना कमीपणा वाटेल का?
— वाचक, रॅले

डबा जरूर दे, पण आधी विचार, आजींना साखर आहे का, मीठ किती चालतं, गिळायला त्रास होतो का. मऊ मुगाची खिचडी बहुतेकांना चालते, तिखट तुझ्या हाताचं नको. आणि रिकामा डबा तसाच परत घेऊ नकोस. ते त्यात काहीतरी घालून देतील, तुझ्या आईच्या शेजारणी द्यायच्या तसंच. ते हसून घे. माझ्याकडे एकदा तीन डझन अंडी आली होती.