काकूंना विचारा: सुटलेली डाळ, आंबलेला चक्का आणि पहाटेचा कोकीळ

ह्या महिन्यातल्या प्रश्नांत निम्मे कैरीचेच आहेत, वाचता वाचता तोंडाला पाणी सुटलं. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पाच निवडलेत.

काकू, यंदा पहिल्यांदाच वाकडच्या फ्लॅटवर चैत्रगौरीचं हळदीकुंकू करायचं म्हणतेय. सासूबाई साताऱ्याला असतात, फोनवर सांगतात पण त्यांचं माप म्हणजे "अंदाजाने घे". वीसेक जणी येतील, सगळ्या नोकरीवाल्या म्हणजे संध्याकाळी सातनंतरच. डाळ आणि पन्हं किती करू? मागे एकदा डाळ केली तर तिला पाणीच पाणी सुटलं होतं. आणि दोन मैत्रिणींबद्दल विचारायचंय, एकीचं लग्न झालेलं नाही, एकीचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना बोलवावं का? (वाकड)

शेवटचं आधी सांगते. बोलव. दोघींना बोलव आणि इतर सगळ्यांना जे देशील तेच त्यांनाही दे, गजरा, अत्तर, ओटीचे हरभरे, सगळं. दारात कुजबुज करणारी एखादी निघतेच, तिला पन्ह्याचा दुसरा ग्लास द्यायचा म्हणजे तोंड गुंतलेलं राहतं. आणि तारखेचं टेन्शन घेऊ नकोस, गौर चैत्र शुद्ध तृतीयेला बसते ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत, मधला कुठलाही शनिवार धर.

आता डाळ. वीस जणींना अर्धा किलो हरभरा डाळ पुरते कारण भिजून ती दुपटीच्या आसपास होते आणि वर कैरी-खोबरं पडतं, शिवाय ही वाटीभर खायची गोष्ट आहे, ताटभर नाही. तुझ्या ऑफिसच्या गडबडीत सकाळी भिजत घालून जाऊ नकोस, ह्या उन्हात संध्याकाळपर्यंत तिला फेस येतो. आदल्या रात्री भिजव, सकाळी चाळणीत उपस आणि निथळली की फ्रिजमध्ये टाक. वाटताना पाण्याचा थेंब नको, मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा, रवाळ आणि मध्येमध्ये एखादा अख्खा दाणा राहिलेला चालतो, पेस्ट झाली तर वडे कर आणि विषय संपव.

पाणी का सुटतं ते सांगते. कैरीच्या किसाला मीठ आणि साखर लागली की ती त्यातलं पाणी ओढून काढतात. मी एका वर्षी हुशारी करून दुपारी बारालाच सगळं कालवून ठेवलं होतं, पाच वाजता पहिली बाई आली तेव्हा डाळ डावाने वाढावी लागली. तेव्हापासून वाटलेली डाळ वेगळी, कैरीचा कीस वेगळा, आणि मीठ-साखर पाहुण्यांनी खाली गेटवरून फोन केला की मगच. फोडणी मात्र आधी करून पूर्ण गार करायची. तेल, मोहरी, हळद, सुक्या लाल मिरच्या, आणि हिंग जरा सढळ हाताने, कच्ची डाळ आहे, पोटाचाही विचार नको का! कैरी तोतापुरी घेऊ नकोस, ती नुसती तिखटमीठ लावून खायला छान पण डाळीत गोडसर लागते, आंबट गावरान बघ. दोन मध्यम कैऱ्या घे पण दोन्ही एकदम किसू नकोस, आंबटपणा चाखत चाखत वाढव.

पन्ह्याला किलोभर कैऱ्या पुरून उरतात. कुकरमध्ये भांड्यात पाणी न घालता वाफवायच्या, गर काढायचा, जेवढा गर त्याच्या दीडपट ते दुप्पट गूळ, वेलदोडा, चिमूट मीठ आणि असेल तर केशर. हा गर आदल्या दिवशीच करून ठेव, ऐन वेळी फक्त गार पाणी घालायचं. उरला तर बरणीत भरून फ्रिजमध्ये, पुढच्या आठवड्यात ऑफिसमधून तापून आलीस की स्वतःसाठी एक ग्लास.

आरास दहा पायऱ्यांचीच हवी असं काही नाही. टीपॉयवर साडी पसर, गौर बसव, पुढे कलिंगडाचं कमळ ठेव आणि दारात चैत्रांगणाची रांगोळी काढ, जमेल तेवढी, माझं कासव दरवर्षी बटाट्यासारखंच दिसतं.

आमच्या सोसायटीत पहाटे साडेचारपासून कोकिळा ओरडते. बाकी सगळे "किती गोड" म्हणतात, माझी झोप उडते. काय करू? (औंध)

ओरडते नाही हो, ओरडतो. ती कुहूकुहू नराची असते, काळाकुळकुळीत आणि लाल डोळ्यांचा. मादी ठिपकेवाली, तिचं काम कावळ्याच्या घरट्यात गुपचूप अंडं टाकायचं. म्हणजे तुमची झोप मोडणारे हे यजमान लग्नाळू आहेत, काम झालं की पावसाळा सरता सरता आपोआप गप्प बसतील. तोपर्यंत कानात कापूस.

पाडव्याला श्रीखंड घरीच करते. पण चक्का दरवेळी आंबट होतो, मग साखर वाढवावी लागते आणि नुसतं गोडमिट्ट होतं. विकतचा आणला तर तोही आंबटच निघाला. (सातारा रस्ता)

तुम्ही रात्रभर ओट्यावर नळाला टांगताय ना दही? मार्चच्या पुण्यात तीच चूक होते. दह्यातले जंतू गरम हवेत काम थांबवतच नाहीत, फडक्यात लटकलेलं असलं तरी आंबवणं चालूच राहतं. थंडीत आजीचं जमायचं, आपल्या किचनमध्ये खाली गॅस पेटलेला आणि वर दही. म्हशीच्या दुधाचं दही लावा, लागल्या लागल्या म्हणजे चमच्याने कापलं जातंय असं झालं की लगेच पंच्यात बांधा, तासभर बाहेर निथळू द्या आणि मग पुरचुंडी चाळणीत, चाळणी पातेल्यावर, वर छोटं वजन आणि सगळं फ्रिजमध्ये. लिटरभर दह्याचा साधारण 400 ग्रॅम चक्का निघतो. साखर आधी चक्क्याच्या पाऊणपट घाला आणि अर्धा तास थांबून मग चाखा, विरघळायच्या आधी चाखलं की सगळ्यांनाच ती कमी वाटते. खाली जमलेलं पाणी फेकू नका, कणीक भिजवा त्यात, पोळ्या मऊ होतात.

आम्ही पाच मित्र आयटीवाले, भेटायचं म्हटलं की कॅफे नाहीतर मॉल. यंदा काहीतरी वेगळं करू म्हणतोय पण ट्रेक वगैरे झेपणार नाही, दोघांची पोटं सुटलीत. काही सुचवाल का? (बाणेर)

वेताळ टेकडी. सकाळी सहाला. पाषाणकडून चढा, कोथरूडकडून चढा नाहीतर लॉ कॉलेज रस्त्याकडून, पोटासकट चढता येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरिपुष्पाची झाडं अशी गुलाबी होतात की पान दिसत नाही, लावलेलं परदेशी झाड आहे, जाणकार नाकं मुरडतात आणि त्यांचं चूकही नाही, पण डोळ्यांना बरं वाटतं ते वाटतंच. खाणीजवळ बसा, मोर ओरडताना ऐकू येईल. काटेसावर, पळस, पांगारा हे तिघं एप्रिल उजाडेपर्यंत आटोपतात, लाल फुलं दिसली की खाली पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, मैना आणि बुलबुलांची मधासाठी जी मारामारी चालते ती बघायला तिकीट नाही. बहाव्याला एप्रिल अखेर उजाडते, त्याच्यासाठी परत जा.

फक्त ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. हे मी भांडून सांगतेय, वर आमच्यासारखी म्हातारी माणसं शांतता ऐकायला येतात. उतरल्यावर मिसळ खा, कुठली ते सांगणार नाही, पुण्यात त्यावरून मैत्री तुटते. आणि त्यातला कोणी गाडीवाला असेल तर तसेच मंडईत जा, 1886 मध्ये सुरू झालेली ती दगडी इमारत आत जाऊन नीट मान वर करून बघितलीय का कधी? येताना प्रत्येकाने घरी कैरी, कढीलिंबाची जुडी आणि मोगरा न्यायचा. बायको, आई, जे कोण असेल ते पुढच्या रविवारी परत सोडतील.

बाल्कनीतला मोगरा नुसता पानांनी माजलाय, फूल एक नाही. खत भरपूर घालते. (सिंहगड रस्ता)

तेच तर! खताने पानं वाढवलीत. नत्र जास्त झालं की झाड खाऊन पिऊन सुखी, फुलायचं कशाला. खत महिनाभर बंद करा, कुंडी अशा जागी सरकवा जिथे पाच-सहा तास थेट ऊन लागेल आणि फांद्यांचे शेंडे बोटभर छाटा. मोगऱ्याला कळी नव्या फुटीवर येते, जुन्या काडीवर वाट बघण्यात अर्थ नाही. खरी छाटणी जानेवारी अखेरीची, पुढच्या वर्षी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कळ्या आल्या की संध्याकाळी तोडायच्या, टपोऱ्या आणि पांढऱ्याशुभ्र झालेल्या पण मिटलेल्या, त्या रात्री घरात उमलतात. सकाळी हव्या असतील तर ओल्या रुमालात गुंडाळून फ्रिजमध्ये. काल मी अशाच आठ ठेवल्या होत्या, ह्यांनी ताक काढताना पुरचुंडी उघडून पाहिली आणि हाक मारून विचारलं, "अगं, ही कसली भाजी, निवडायची आहे का?"