काकांच्या मृत्युपत्राचं काम अंगावर घ्यावं का?

प्रश्न (गुहागर): ज्येष्ठात काका वारले. मृत्युपत्रात त्यांनी मला एक्झिक्युटर (मृत्युपत्राप्रमाणे देणी भागवून वाटप करणारा) नेमलंय. हापूसची बाग दोन्ही मुलांना, बँकेतली १४ लाखांची ठेव मुलीला. ठेवीवर नॉमिनी मात्र थोरला मुलगा. सोसायटीचं ३ लाख ६० हजारांचं कर्ज बाकी आहे, बागेवर बोजा आहे. कलमांना खत, कल्टार (मोहर लवकर यावा म्हणून मुळाशी घालायचं औषध) घालायचे दिवस निघून चाललेत, म्हणून माझ्या ठेवीतले २ लाख घालावे म्हणतो, मागाहून फिटतील. त्या चुलत बहिणीला पैसे लगेच हवेत. धाकटा आपला वाटा मला विकायला तयार आहे. काय करू?

उत्तर: काम घ्या, पण स्वतःचे २ लाख घालू नका.

घ्यायचं नसेल तर आत्ताच सांगा. काकांचं एखादं देणं भागवलंत, ठेव उचललीत, बागेचा करार केलात की पद स्वीकारलं असं धरलं जातं. मग अंग काढून घेणं अवघड. मृत्युपत्रात मेहनताना लिहिला नसेल तर तो मिळणार नाही असंच धरा. रास्त खर्च इस्टेटीतून घेता येतो, पण पावतीशिवाय एक रुपयाही नाही. भावकीत दोन वर्षांनी कोणाला काय आठवेल, सांगता येत नाही.

बाग नाव घेऊन मुलांना दिली आहे. त्यामुळे काका गेल्या दिवसापासूनचं तिचं निव्वळ उत्पन्न मुलांचं. मग खत-फवारणीचा खर्चही त्यांचाच, तुमचा कशाला? त्यांच्याकडे रोकड नसेल तर बाग कराराने द्या, पण एकाच हंगामासाठी, दोघांच्या सह्या घेऊन आणि आगाऊ रकमेवर. किती कल्टार घालायचं ते करारात लिहा. एक-दोन वर्षांसाठी आलेला ठेकेदार ते ओतायला मागेपुढे पाहत नाही. पुढे कलमं खंगली की मुलं तुम्हालाच विचारतील.

सोसायटीच्या कर्जाबाबत थोरला म्हणेल, "ठेव मोडून आधी सोसायटी फेडू." ऐकायला बरं वाटतं, पण त्यात बहिणीचे पैसे जातात. मृत्युपत्रात वेगळं लिहिलं नसेल, तर बोजा असलेली मालमत्ता ज्याला मिळते त्याने ती बोज्यासकट घ्यायची. म्हणजे ३ लाख ६० हजार मुलांनी फेडायचे. बोज्याचा फेरफार (महसूल दप्तरातली नोंद) आणि मृत्युपत्र वकिलाला एकदा दाखवा. या एका मुद्द्यावर फीचे पैसे वसूल होतील.

ठेवीचं म्हणाल तर नॉमिनी हा मालक नसतो. बँक त्याला पैसे देऊन मोकळी होते, पण त्याने ते सांभाळायचे हक्कदारासाठी. कोर्टाचा आदेश नसेल तर बँक त्याचे पैसे सहसा अडवत नाही. गणपतीला सगळे घरी येतीलच. आरती आटोपली की तिघांना बसवा, मृत्युपत्र मोठ्याने वाचा आणि रक्कम काकांच्या इस्टेटीच्या खात्यात येईल असं थोरल्याकडून लिहून घ्या. तो नाही म्हणाला, तर दुसऱ्याच दिवशी वकील गाठा.

बहिणीला मात्र थोडं थांबायला सांगा. मृत्यूपासून वर्षभर वाटप करायला कायदा तुम्हाला भाग पाडत नाही. दवाखान्याची बिलं, दुकानाची उधारी, काकांचं शेवटचं आयकर विवरण हे सगळं मिटायचंय. आंब्याचं उत्पन्न करमुक्त, ठेवीचं व्याज नाही. मृत्यूनंतरच्या व्याजावर इस्टेटीचा वेगळा कर लागतो. सगळं वाटून बसलात आणि मग काकांकडून येणं असलेला कोणी उभा राहिला, तर ते तुमच्यावर शेकू शकतं. देण्यांची यादी पक्की झाली की मोठा हिस्सा तिला द्या, थोडे मागे ठेवा.

सातबारा काढलात का? सामाईक खात्यात भाऊबंदांची नावं असतील किंवा जमीन वडिलोपार्जित असेल, तर काकांना फक्त आपल्या हिश्शाचं मृत्युपत्र करता येतं. फेरफारासाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं, ज्येष्ठापासून मोजा. मुंबईत पूर्वी होती तशी प्रोबेटची (मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याची) सक्ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या जमिनीला तेव्हाही नव्हती, पण कोणी हरकत घेतली तर कोर्टाची पायरी चुकत नाही.

धाकट्याच्या वाट्याला आत्ता हात लावू नका. एक्झिक्युटरने इस्टेटीतली वस्तू स्वतः विकत घेतली, तर दुसरा हक्कदार तो व्यवहार रद्द करून घेऊ शकतो. बाग मुलांच्या नावावर होऊ द्या, तुमचा हिशेब तिघांनी सही करून मान्य करू द्या. त्यानंतर बाजारभावाने, थोरल्याला आधी विचारून घ्यायला हरकत नाही. तोवर विसारसुद्धा देऊ नका.