पाणी तर जातं, पण जमिनीवर थेंब नाही

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी १७ वर्षांची झाली. दर तीन-चार दिवसांनी अर्धा लिटर पाणी टाकावं लागतं, खाली मात्र कधी ओलं दिसत नाही. मागच्या महिन्यात कन्नड घाटात काटा पार लालवर गेला. एका मेकॅनिकने रेडिएटर बदलला, दुसऱ्याने हळद टाकायला लावली, तिसरा म्हणतो लिकेज इंजिनच्या मागे हिटरच्या लाईनला आहे, इंजिन उतरवावं लागेल. मागे पांढरट-हिरवे डाग आहेत खरे. ती लाईनच बंद केली तर? खान्देशात हिटर लागतो कोणाला!
– एक वाचक, चोपडा

उत्तर : भाऊ, हळद टाकली ते झालं, आता परत टाकू नका. रेडिएटरला सुईएवढं भोक असेल तर ती काही दिवस धरते, पण पाईपच्या जोडावर तिचा काय उपयोग, उलट हिटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते.

थेंब दिसत नाही कारण पाणी तापलेल्या इंजिनवरच पडतं आणि तिथंच वाळतं, मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्रीत अंगणात सांडलेलं पाणी टिकत नाही तर इंजिनवर काय टिकणार, मागे उरतो फक्त डाग. तो पुसू नका. पाणी वरून खाली येतं, म्हणजे डागाचं सगळ्यात वरचं टोक शोधायचं.

आता गॅरेजमध्ये सगळं कोरडं का दिसतं तर रेडिएटरचं झाकण साधारण ०.९ बार, म्हणजे हवा भरणाऱ्याच्या भाषेत १३ पौंड प्रेशर धरतं, ते गाडी तापल्यावरच तयार होतं आणि तेव्हाच जोड पाणी सोडतो. म्हणून सकाळी थंड इंजिनला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावायला सांगा, १३ पौंड भरून पंधरा मिनिटं थांबा, आणि टेस्टरचा काटा उतरला की मोबाईलचा टॉर्च आणि व्हिडिओ चालू करून फोन इंजिनच्या मागे सरकवा, जिथे हात जात नाही तिथे फोन जातो. बाहेर काहीच ओलं नसेल तर डॅशबोर्डखालचं कार्पेट चाचपा, हिटर त्याच्या वरच बसवलेला असतो. तेही कोरडं आणि ऑइल दुधाळ झालेलं असेल तर मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग गेलं, तो खर्च वेगळा.

इंजिन उतरवायची घाई नको. बहुतेक गाड्यांत एअर फिल्टरचा डबा, बॅटरी आणि तिचा ट्रे काढला की मागे हात पोचतो, फार तर इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनला हवा पोचवणारा नळ्यांचा भाग काढावा लागेल. मजुरी तीच आहे तर मागचे सगळे रबरी पाईप, ओ-रिंग आणि क्लिपा एकदमच बदला. लोखंडी नळीचं तोंड पॉलिश पेपरने घासून बघा, गंजून खड्डे पडले असतील तर नवा पाईप चढवूनही ती गळणारच, नळीच बदलायची. आणि क्लिपचा स्क्रू वरून दिसेल असा ठेवायला सांगा, नाहीतर पुढच्या वेळी परत हीच बोंब.

हिटरचं म्हणाल तर दोन्ही तोंडं एका पाईपने जोडून तात्पुरतं काम चालतं, नुसती बूच मारू नका, काही इंजिनांत पाणी फिरायची ती वाट असते. पण गळती त्याच्या आधीच्या नळीत असेल तर जोडूनही फायदा नाही. आणि माझं ऐकाल तर हिटर ठेवाच, तो म्हणजे दुसरा छोटा रेडिएटर आहे. घाटात काटा चढायला लागला की एसी बंद, काचा खाली, हिटर फुल, आपण घामाघूम होतो पण इंजिन वाचतं.

भरताना बोअरचं खारं पाणी नको, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. गाडीचं तोंड चढावर करून, हिटर फुल गरमवर ठेवून हळूहळू भरा, मग झाकण लावून फॅन दोनदा लागेपर्यंत चालू ठेवा. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत लेव्हल बघा, अडकलेली हवा निघाली की थोडं तरी अजून बसतंच.