भाच्यांना घरी आणायचंय, काका स्टॅम्पपेपर घेऊन उभे

प्रश्न : अमळनेर तालुक्यात माझी कापसाची शेती आहे. बहीण आणि दाजी दोघंही वारले. त्यानंतर मुलांच्या काकांनी 12 वर्षांची भाची आणि 8 वर्षांचा भाचा यांना बाल कल्याण समितीपुढे (निराधार मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) नेलं. दोन वर्षं झाली, दोघं वेगवेगळ्या बालगृहांत आहेत. भेटायला गेलो की भाचा एकच म्हणतो, ‘मामा, माले घर लई चाल.’ काका आता 500 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ‘मुलं मामाला दिली’ असं लिहून द्यायला तयार आहेत. पण मुलांच्या वडिलांच्या जमिनीत मी लक्ष घालू नये, अशी अट त्यात आहे. सही करू का?

उत्तर : करू नका. मुलं म्हणजे बैलजोडी नव्हे, कागदावर लिहून द्यायला. नोटरीचा शिक्का बसला तरी त्या कागदानं ताबा मिळत नाही. मुलं समितीच्या आदेशानं आत गेली, बाहेरही त्याच आदेशानं येतील. बालगृहाचे अधीक्षक ‘ऑर्डर आणा’ म्हणाले, तर ती अडवणूक नाही.

जळगावच्या समितीकडे स्वतःच अर्ज करा. वकील लागतोच असं नाही (हे वकीलच सांगतोय). संस्था हा शेवटचा पर्याय, आधी कुटुंब, हे 2015 च्या बाल न्याय अधिनियमाचं तत्त्वच आहे. मृत्यूचे दाखले जोडा, नात्यासाठी तुमचा आणि बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला जोडा. मग गृहभेट होईल. भाची कुठे झोपणार, न्हाणीला कडी आहे का, शाळा किती लांब, हे बघितलं जाईल. मामींना वेगळं बसवूनही विचारतील. मामी नुसती मान हलवत असतील, तर तिथंच गाडी अडते.

आता खरी गोष्ट. तुमच्या पत्रात भाच्याचं वाक्य आहे, भाचीचा एक शब्द नाही. तिची तिथं शाळा आहे, मैत्रिणी आहेत. कदाचित यायचंही नसेल, कदाचित भाऊ सोबत असेल तरच यायचं असेल. समिती तिला विचारेलच, तुम्ही आधी विचारा. भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावं, असं बाल न्याय अधिनियमाचं कलम 39 सांगतं. म्हणून निकाल लागेपर्यंत दोघांची नियमित भेट घडवावी, हेही अर्जात मागा. मुलं घरी आली की बालसंगोपन योजनेसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करा. प्रत्येक मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळतात.

जमिनीचं म्हणाल, तर काकांची अटच सगळं बोलून जाते. तलाठ्याकडून सातबारा आणि फेरफार काढा. वारस म्हणून मुलांची नावं नसतील तर नोंदीसाठी अर्ज द्या. काकांचं नाव ‘अ.पा.क.’ म्हणून लागलं असेल, तर घाबरू नका. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन मुलांचा पालक, झाल्यानं कुणी मालक होत नाही. तुमच्या सहीनं मुलांचा हक्क बुडत नाही, पण उद्या ती सही तुमच्याच तोंडावर फेकली जाईल. जमिनीवरून वाद वाढला तर 1890 च्या पालक आणि पाल्य अधिनियमाखाली जिल्हा न्यायालयात पालक नेमण्याचा अर्ज करावा लागेल. तिथं मात्र वकील घ्या.

पत्रासोबत आलेला मुलांचा बालगृहातला फोटो मी छापलेला नाही. अशा मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. तो तुमच्या व्हॉट्सॲप स्टेटसला असेल, तर आजच काढा.