पेटंट आधी की गिऱ्हाईक?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पकडीची चित्रं मिळाली. पाइप धरून ठेवणारी, एका हातानं उघडणारी पकड. दोन जबडे, एक स्प्रिंग, एक खिट्टी. कल्पना साधी आहे आणि ती तशीच राहू दे. पण "पेटंट घेऊ का?" या प्रश्नाला मी लगेच हो किंवा नाही म्हणणार नाही. पेटंटनं हातात नेमकं काय पडतं ते आधी नीट कळलं, की निम्मं उत्तर तुझं तुलाच सापडेल.

पेटंट म्हणजे इतरांना अडवण्याचा हक्क. तो विकण्याचा परवाना नव्हे. तुझ्या पकडीला पेटंट मिळालं, पण तिच्यातली खिट्टी दुसऱ्या कुणाच्या चालू पेटंटात बसत असेल, तर त्याच्या परवानगीशिवाय तुला ती विकता येणार नाही. शिवाय अडवायचं तेही आपणच. पेटंट कार्यालय नकला शोधत फिरत नाही; नक्कल शोधायची तू, वकील लावायचा तू, खर्च करायचा तू. अमेरिकेत एली व्हिटनीला कापसातून सरकी काढण्याच्या यंत्राचं पेटंट १७९४ मध्ये मिळालं. यंत्र इतकं सोपं होतं की साधे लोहार ते बनवू लागले. त्यात व्हिटनी आणि त्याचा भागीदार यंत्रं विकायला तयार नव्हते: सरकी आम्हीच काढून देऊ आणि पाचातले दोन हिस्से आम्ही घेऊ, अशी त्यांची अट. मळेवाल्यांना ती परवडेना, त्यांनी सर्रास नकला केल्या. न्यायालयानं हक्क मान्य केला तो १८०७ मध्ये, आणि त्या काळी पेटंटची मुदत होती १४ वर्षं. गणित तूच कर. माझ्या मते तिथे पेटंट जेवढं कमी पडलं, त्याहून जास्त विक्रीची अट नडली.

म्हणून पहिलं काम गिऱ्हाइकाचं, आणि ते पकड न दाखवता होतं. जे रोज पाइप बसवतात अशा पंधरा-वीस जणांचं काम नुसतं बघ. आत्ता ते पाइप कशानं धरतात, दुसरा माणूस लागतो का, वस्तू कितीदा तुटते, नवी कोण विकत घेतो: कामगार की ठेकेदार? "अशी पकड आली तर घ्याल का?" हा प्रश्न विचारूच नकोस. सगळे भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी या त्रासापायी त्यांनी आजवर काय काय विकत घेऊन पाहिलं ते विचार. कुणी काहीच घेतलेलं नसेल तर तो त्रास तुला वाटतो तेवढा मोठा नाही.

न दाखवता का, तर जगात कुठेही वस्तू जाहीर झाली की तिचं नावीन्य संपतं, हा पेटंट कायद्याचा पाया आहे. प्रदर्शन, व्हिडिओ, लोकवर्गणीची मोहीम, विक्री, हे सगळं जाहीर करणंच. अमेरिकेत स्वतःच जाहीर केलेल्या शोधासाठी वर्षभराची सवलत मिळते. युरोपीय पेटंटला अशी सर्वसाधारण सवलत नाही, तिथे आधी अर्ज आणि मग बोभाटा. नमुना दाखवणं भागच असेल तर एका पानाच्या गोपनीयता करारावर सही घे. मोठ्या कंपन्या असा करार सहसा करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या दारात जाण्याआधी अर्जाची तारीख हातात हवी.

अर्जाआधी जुनी पेटंटं धुंडाळ. एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्स ही पेटंट शोधायची दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. फक्त शब्दांवर शोधू नकोस. "पकड"ला पेटंटच्या भाषेत डझनभर नावं असतात. त्याऐवजी तुझ्या वस्तूच्या सर्वांत जवळचं एक पेटंट शोध, त्यावरचा वर्गीकरण क्रमांक बघ (पाइप धरणाऱ्या आधारांचा गट एफ१६एल ३ असा आहे) आणि त्या वर्गात उतर. मग त्या पेटंटनं कोणाचे दाखले दिले आणि नंतर कोणी त्याचे दिले, या दोन्ही दिशांनी जा. मुदत संपलेली पेटंटही वाच: त्यांच्यामुळे तुझं नावीन्य जाऊ शकतं, पण त्यांतली युक्ती आता कुणीही फुकट वापरू शकतो. एक आंधळा कोपरा मात्र राहतोच. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात, त्यामुळे गेल्या दीड वर्षातलं बरंचसं तुला दिसणारच नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं: दावे, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारी वाक्यं. पेटंटची ताकद चित्रांत नसते, वर्णनातही नसते. शेवटी क्रमांक घालून लिहिलेल्या दाव्यांत असते. समोरच्याच्या वस्तूत एखाद्या दाव्यातला प्रत्येक घटक सापडला तरच त्या दाव्याचं उल्लंघन होतं. दाव्यात तू "पोलादी गुंडाळी स्प्रिंग" लिहिलंस, तर रबराचा पट्टा लावणारा बहुतेक सुटला. "जबड्यांना मिटलेल्या स्थितीकडे ढकलणारं लवचीक अंग" असं लिहिलंस तर दोन्ही आले. मात्र दावा जितका रुंद, तितकं जुनं काहीतरी त्यात सापडून तो फेटाळला जाण्याची शक्यता जास्त. म्हणून पहिला दावा रुंद ठेवतात आणि त्याखाली एकेक तपशील वाढवत अरुंद दावे लिहितात. वरचा पडला तरी खालचा टिकावा. अमेरिकेत जॉर्ज सेल्डननं मोटारगाडीसाठी १८७९ मध्ये अर्ज केला, पेटंट १८९५ मध्ये मिळालं आणि बरेच कारखानदार त्याला रॉयल्टी देऊ लागले. हेन्री फोर्डनं दिली नाही. १९११ मध्ये अपील न्यायालयानं म्हटलं, पेटंट वैध आहे, पण ते ब्रेटन पद्धतीच्या इंजिनापुरतं. फोर्डच्या गाड्यांत 'ऑटो' नावाच्या वेगळ्या पद्धतीचं इंजिन आहे, म्हणून उल्लंघन नाही. दावे स्वतः लिहू नकोस. पैसे वाचवायचे तर चित्रं आणि वर्णन स्वतः कर, दाव्यांचं काम पेटंट एजंटाकडे दे.

बऱ्याच देशांत आधी तात्पुरता अर्ज करता येतो. त्यानं तारीख मिळते आणि पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. इथे नवखे हटकून फसतात: एक चित्र, अर्धं पान मजकूर, आणि काम झालं असं समजतात. त्या अर्जात जे लिहिलं तेवढ्यालाच ती तारीख मिळते. नंतर सुचलेल्या खिट्टीला नंतरचीच तारीख. म्हणून त्यात सगळं ओत: मापं, कोन, साहित्य, स्प्रिंगऐवजी काय काय चालेल, खिट्टी उलट बाजूला लावली तर काय होईल, पाइपाचा व्यास किती ते किती. परदेशांसाठीही १८८३ च्या पॅरिस करारामुळे पहिल्या अर्जापासून हेच १२ महिने मिळतात. त्या आत पीसीटीचा (पेटंट सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा) एकच अर्ज केलास तर देशोदेशीचा खर्च पहिल्या तारखेपासून ३० महिन्यांपर्यंत पुढे ढकलता येतो, काही ठिकाणी ३१. पण "जागतिक पेटंट" असं काही नसतं; शेवटी प्रत्येक ठिकाणी वेगळी फी, वेगळी भाषांतरं, आणि पेटंट जिवंत ठेवायला ठरावीक काळानं पुन्हा फी. मुदत अर्जापासून २० वर्षं असली तरी फी चुकली की हक्क गेला. जिथे माल बनेल किंवा भरपूर खपेल असे दोन-तीन देश पुरेत.

ते १२ महिने म्हणजे तुझी खरी परीक्षा. त्यात वस्तू विकून बघायची आणि दहाव्या महिन्यात ठरवायचं. शेवटच्या आठवड्यात एजंटाकडे धावलं की दावे घाईत लिहिले जातात.

किमतीचा हिशेब उलटा, दुकानाकडून कर. ढोबळ मानानं गिऱ्हाईक १०० देत असेल तर दुकान ४० ठेवतं, घाऊक व्यापारी १० ते १५, आणि तुझ्या हाती ४५ ते ५० येतात. त्यात वाहतूक, परत आलेला माल, जाहिरात आणि तुझं पोट. म्हणजे कारखान्यातून निघताना पकड २० ते २५ ला पडली पाहिजे. चाळीसला पडत असेल तर पेटंटचा विचार बाजूला ठेव आणि एक भाग कमी कर.

थ्रीडी प्रिंटरवरचा नमुना छान चालला, यावर जाऊ नकोस. प्रिंट थरांच्या जोडावर फाटतं, साच्यात वितळलेलं प्लॅस्टिक भरून केलेला भाग वेगळ्याच ठिकाणी. साच्यासाठी भागाच्या भिंती सगळीकडे सारख्या ठेव, साधारण २ ते ३ मिलिमीटर. जाड-बारीक झाल्या की जाड जागी खळगा पडतो. मजबुतीच्या फासळ्या भिंतीच्या ५० ते ६० टक्के जाडीच्या. भाग साच्यातून सुटावा म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार. प्लॅस्टिक थंड होताना आकसतं: एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पॉलिप्रॉपिलीन एक ते अडीच टक्के. त्यामुळे साचा झाल्यावर साहित्य बदललंस तर खिट्टी बसणार नाही. नायलॉन चिवट खरं, पण हवेतला ओलावा पिऊन फुगतं. घट्ट बसणाऱ्या बिजागरीत ते घालण्याआधी भिजवून मापून बघ. पहिला साचा ॲल्युमिनियमचा चालेल, काही हजार नग सहज निघतात, आणि चुका पोलादात कोरल्या जाण्याआधी कळतात.

मग पेटंट कधी घ्यावं? नक्कल बाहेरून दिसत असेल, दाव्याला वळसा घालणं महाग पडत असेल आणि वस्तू पाच-सात वर्षं खपणार असेल, तर घ्यावं. कंपनीला परवाना द्यायचा असेल तर जवळजवळ घ्यावंच, कारण तिला विकायला तुझ्याकडे दुसरं फारसं काही नसतं. युक्ती कारखान्यातल्या प्रक्रियेत असेल तर गुपित बरं. मात्र दुसऱ्यानं स्वतंत्रपणे तीच शोधली तर तुला काही करता येत नाही. वस्तू हंगामापुरती असेल तर पेटंट हाती येईतो हंगाम सरलेला असतो. तिथे आकाराची डिझाइन नोंदणी आणि नावाचा ट्रेडमार्क, दोन्ही स्वस्त आणि लवकर होणारी. ट्रेडमार्क तर नूतनीकरण करत कितीही वर्षं टिकतो. तुझ्या पकडीत मला दम दिसतो तो एका हातानं सुटणाऱ्या खिट्टीत. जबडे नेहमीचेच आहेत.

परवाना दिलास तर रॉयल्टीच्या टक्क्यावर भांडण्याआधी तीन गोष्टी बघ. टक्का कशावर: निव्वळ विक्री म्हणजे काय काय वजा करून, ते लिहिलेलं हवं. दरवर्षीची किमान रक्कम ठरलेली हवी. आणि ठरल्या मुदतीत माल बाजारात आला नाही तर हक्क आपोआप परत यायला हवेत. नाहीतर एकमेव परवाना घेऊन कंपनी तुझी वस्तू कपाटात ठेवून देऊ शकते, आपल्याच जुन्या मालाला स्पर्धा नको म्हणून.

"तुमचा शोध आम्ही बाजारात आणतो" म्हणणारे भेटतीलच. कल्पना ऐकताच भरभरून कौतुक आणि मग आगाऊ पैसे, ही त्यांची खूण. अमेरिकेनं १९९९ च्या कायद्यानं अशा मंडळींना बंधन घातलं, की त्यांच्या किती गिऱ्हाइकांना निव्वळ फायदा झाला तो आकडा करार करण्याआधी सांगायचा. तू कुठल्याही देशात असशील तरी हा प्रश्न लेखी विचार. उत्तर टाळलं की उठून ये.

आणखी एक. चित्रं ज्या मित्रानं काढली, त्यानं खिट्टीत स्वतःची काही युक्ती घातली असेल तर तो सहसंशोधक ठरू शकतो. त्याच्याकडून हक्क लेखी करून घे, तेही अर्जाआधी. वस्तू चालायला लागल्यावर ती सही फार महाग होते. साचेवाल्याशी करार करताना साच्याची मालकी तुझी, आणि मागशील तेव्हा तो उचलता येईल, हे लिहून घे.

शोधात सापडलेल्या सर्वांत जवळच्या पाच पेटंटांचे क्रमांक पाठव. त्यांचे पहिले दावे तुझ्या चित्राशेजारी ठेवून घटक घटक जुळवून पाहू.