वाचकांचे प्रश्न : योग्यकर्त्याचे पान दुरुस्त करताना

गेल्या अंकात ‘विकिव्हॉयेज’ या सर्वांनी मिळून लिहायच्या प्रवास-मार्गदर्शिकेची ओळख करून देताना मी उदाहरणादाखल जावा बेटावरील योग्यकर्ता शहराचे पान घेतले होते. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाने ही मार्गदर्शिका १५ जानेवारी २०१३ रोजी रीतसर सुरू केली. तिच्यात कोणीही भर घालू शकतो आणि दुसऱ्याने घातलेली भर कोणीही दुरुस्त करू शकतो. त्यामुळे ‘मग मी नेमके काय लिहावे?’ असा प्रश्न अनेकांना पडलेला दिसतो. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी गेल्या वर्षी योग्यकर्त्याला जाऊन आलो. एका मित्राच्या २०१८ सालच्या टिपणांवर विसंबून विमानतळ शहरातच आहे असे गृहीत धरले आणि रात्री शहरापासून चाळीसएक किलोमीटर दूर उतरलो. इतरांची अशी फजिती होऊ नये म्हणून मला त्या पानासाठी काम करायचे आहे. शहराचा इतिहास सविस्तर लिहून सुरुवात करावी का? (पुणे)

इतिहास तूर्त बाजूला ठेवा. आपली जिथे फजिती झाली, तिथूनच सुरुवात करा, कारण ते आपल्याला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे. शहराच्या पूर्व अंगाला असलेला आदिसुचिप्तो हा जुना विमानतळ अपुरा पडू लागल्यावर पश्चिमेकडे, कुलोन प्रोगो जिल्ह्यात समुद्राजवळ, नवा विमानतळ बांधला गेला. तो २०१९ मध्ये अंशतः सुरू झाला आणि २०२० मध्ये बहुतेक सगळी उड्डाणे तिकडे गेली. २०२१ पासून तिथून शहरातल्या मुख्य स्थानकापर्यंत रेल्वे धावते आणि सुमारे चाळीस मिनिटांत पोहोचवते. एवढे लिहिले की माहिती झाली, पण रात्री सामान घेऊन बाहेर पडलेल्या माणसाचे काम झाले नाही. शेवटची गाडी साधारण किती वाजता सुटते, ती चुकली तर कोणता पर्याय उरतो, आणि ही माहिती कोणत्या महिन्यात पडताळून पाहिली, हे त्याला हवे असते. मार्गदर्शिकेतील प्रत्येक नोंदीत ‘शेवटची दुरुस्ती कधी’ हे लिहिण्यासाठी एक रकाना असतो. तो रिकामा सोडू नये. आपल्या मित्राच्या टिपणांतला मजकूर २०१८ साली खोटा नव्हता. त्यावर साल ठळक लिहिलेले असते, तर आपण निघण्यापूर्वी एकदा खात्री करून घेतली असती.

याच विभागात स्थानकांच्या नावांचा घोळही निस्तरावा. तिकिटावर ‘योग्यकर्ता’ छापलेले स्थानक शहरातले लोक ‘तुगू’ म्हणून ओळखतात, तर लेंपुयांगन हे त्याच्या पूर्वेला जवळच असलेले दुसरे स्थानक आहे. सोलो शहराकडे जाणारी विजेवरची लोकल दोन्हीकडे थांबते, पण लांब पल्ल्याच्या काही गाड्या यांपैकी एकाच स्थानकातून सुटतात. शहराच्या नावाचेही तसेच आहे. कागदोपत्री ‘योग्यकर्ता’ असले, तरी बसवर, दुकानाच्या पाटीवर आणि लोकांच्या तोंडी ‘जोग्जा’च असते. पानाच्या पहिल्याच ओळीत दोन्ही रूपे दिली, तर शोधणाऱ्याचे श्रम वाचतात.

रस्त्यांची नावे हा आणखी एक खाचखळगा आहे. तुगू मनोऱ्यापासून राजवाड्याकडे जाणाऱ्या सरळ मार्गाच्या काही भागांना २०१३ मध्ये त्यांची जुनी जावानी नावे परत देण्यात आली. मांकुबुमी रस्ता मार्गो उतोमो झाला आणि अहमद यानी रस्ता मार्गो मुल्यो झाला. मधला मालिओबोरो तेवढा होता तसाच राहिला. जुन्या नावावर काट मारून नवे लिहिणे पुरेसे नाही, कारण जुने नाव अजूनही वापरात आढळते. नव्या नावापुढे ‘पूर्वीचे अमुक’ असे लिहावे. आणि पत्ता सांगताना स्थानिक माणूस ‘डावीकडे, उजवीकडे’ न म्हणता ‘लोर, किदुल, वेतान, कुलोन’, म्हणजे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम म्हणतो. उत्तरेला मेरापी ज्वालामुखी आणि दक्षिणेला समुद्र असलेल्या गावात हे स्वाभाविकच आहे. हे चार शब्द पानात असावेत, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडच्या खेड्यांतही वाट सांगताना ‘वरल्या अंगाला, खालल्या अंगाला’ म्हणतात, त्यामुळे मराठी वाचकाला ते नवलाचे वाटणार नाही.

भर घालण्याइतकेच महत्त्वाचे काम काढून टाकण्याचे असते, आणि ते करायला कोणी धजत नाही. मेरापीच्या शिखरावर पहाटे चढून जाण्याचे रसभरित वर्णन जुन्या लेखनात हमखास सापडते, परंतु २०१८ मध्ये ती चढाई बंद झाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये धोक्याची पातळी चारपैकी तिसरीवर नेण्यात आली. असे वर्णन कितीही सुंदर असले, तरी ते काढावे आणि तिथे निरीक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेचा ताजा इशारा पाहण्याची सूचना द्यावी. मालिओबोरोचेही तसेच. ‘खरेदीप्रेमींचा स्वर्ग असलेल्या या रस्त्यावर फेरीवाल्यांची लगबग अनुभवा’ हे वाक्य खोडून मी असे लिहीन : ‘पदपथावरील फेरीवाल्यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये तेरास मालिओबोरो नावाच्या बाजारांत हलवण्यात आले आहे. स्वस्त बातिक कापड तिथे मिळते. पदपथ आता चालण्यासाठी मोकळे आहेत.’ पहिल्या वाक्यात विशेषणाखेरीज काही नाही. दुसऱ्याचा वाचकाला उपयोग आहे.

राहता राहिला इतिहास. १७५५ च्या गियांती तहाने मातारामचे राज्य विभागले गेले आणि त्यातून योग्यकर्त्याची ही सुलतानशाही निघाली; आजचे सुलतानच या प्रदेशाचे राज्यपालही आहेत. एवढे दोन ओळींत सांगावे, कारण राजवाडा हा राहता वाडा आहे आणि समारंभाच्या दिवशी त्याचे काही भाग बंद असू शकतात, हे प्रवाशाला त्यावरून उमगते. त्यापुढचे विकिपीडियावर आहेच.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. ‘योग्यकर्त्यात शाकाहाऱ्यांचे हाल होतात’ असा इशारा पानात लिहावा, असे मला वाटते. (सांगली)

हाल होतात हे आपले मत आहे, आणि ते का होतात, हे लिहिले तर ती माहिती होईल. शहराचा मानबिंदू असलेला ‘गुदेग’ म्हणजे कच्च्या फणसाची, नारळाचे दूध आणि ताडगूळ घालून तासन्‌तास शिजवलेली गोडसर भाजी. सागाच्या पानांमुळे तिला तपकिरी-तांबूस रंग येतो. कुयरीच्या, म्हणजे कोवळ्या फणसाच्या, भाजीवर वाढलेल्या कोकणी माणसाला ती पाहताक्षणी ओळखीची वाटते, आणि फसगत तिथेच होते. ताटात तिच्याशेजारी जो मऊ, तिखट, लालसर पदार्थ वाढतात, तो क्रेचेक असतो, आणि तो गुराच्या कातड्यापासून करतात. शिवाय भाताबरोबर कोंबडी व अंडे असतेच, आणि काही ठिकाणी फणसही कोंबडीबरोबरच शिजवलेला असतो. दुसरा छुपा घटक म्हणजे ‘तेरासी’, अर्थात आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. शेंगदाण्याच्या वाटणात कालवलेल्या उकडलेल्या भाज्यांचा ‘लोतेक’ हा पदार्थ दिसायला निर्मळ, पण वाटणात बहुधा तेरासी असते. सुदैवाने लोतेक बहुतेक ठिकाणी आपल्या समोरच वाटतात, त्यामुळे आधी सांगितले तर ती वगळता येते.

म्हणून पानात इशाऱ्याऐवजी वाक्ये द्यावीत. ‘तांपा’ म्हणजे ‘शिवाय’. ‘तांपा क्रेचेक, तांपा आयाम, तांपा तेरासी’ म्हणजे कातडे, कोंबडी आणि कोळंबीचा गोळा नको. नुसते ‘दागिंग नको’ म्हणू नये, कारण ‘दागिंग’ या शब्दाने बोलणाऱ्याच्या मनात प्रामुख्याने गोमांस येते, आणि कोंबडी व मासळी त्यात धरली जातीलच असे नाही. तेंपे आणि ताहू, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या वड्या व सोयाबीनचे पनीर, जवळजवळ प्रत्येक टपरीवर असतात. तळणाचे तेल वेगळे असते का, हे मात्र विचारावे लागते. जिथे आपण स्वतः जेवलात, त्या जागेची नोंद करताना ‘शाकाहारी पदार्थ मिळतात’ एवढ्यावर न थांबता कोणता पदार्थ काय सांगून मागवला, ते लिहावे. जैन आणि वारकरी मंडळींची गरज एकच नसते, हेही विसरू नये.

प्रश्न : आमची प्रवासी कंपनी दरवर्षी तिकडे दोन सहली नेते. आमचे नाव पानावर घालता येईल का? (ठाणे)

नाही. केवळ तिकिटे आणि वाहने जमवून देणाऱ्या मध्यस्थांची नोंद तेथे ठेवत नाहीत, आणि स्वतःच्या व्यवसायाची भलामण तर संपादक लगोलग काढून टाकतात. आपल्या सहल-व्यवस्थापकांना तिथल्या बसथांब्यांची आणि प्रवेशवेळांची अद्ययावत माहिती असणार. ती बिननावाने भरली, तर स्वागतच होईल.

प्रश्न : बोरोबुदुर योग्यकर्त्याच्या पानावर सविस्तर लिहावे का? ते दुसऱ्या प्रांतात येते, असे एकाने मला सुनावले. (नागपूर)

सुनावणाऱ्याचे भूगोलाचे म्हणणे बरोबर आहे. बोरोबुदुर हे प्राचीन बौद्ध स्मारक मध्य जावा प्रांताच्या मागेलांग जिल्ह्यात, शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. पण प्रवासी प्रांताच्या सीमा पाहून मुक्काम ठरवत नाही. बहुतेक जण योग्यकर्त्यात राहूनच तिथे जातात. म्हणून शहराच्या पानावर जायचे कसे आणि वेळ किती लागतो, एवढेच द्यावे, आणि स्तूपांचे, शिल्पपटांचे वर्णन बोरोबुदुरच्या स्वतंत्र पानावर करावे. एकच मजकूर दोन पानांवर ठेवला, की एक पान सुधारले जाते आणि दुसरे तसेच राहते. प्रंबाननची गंमत याहून निराळी आहे. शिवाचे ४७ मीटर उंचीचे मंदिर असलेला तो नवव्या शतकातला समूह दोन प्रांतांच्या सीमेवरच उभा आहे, मात्र शहराची बस तिथपर्यंत जाते. तिथे सीमारेषेचा काथ्याकूट करण्यात अर्थ नाही.

एक दुरुस्ती मात्र शहराच्या पानावरही हवी. बोरोबुदुरच्या वरच्या मजल्यांवर वाटेल तेव्हा चढता येते, हे आता खरे नाही. दगडी पायऱ्या झिजू लागल्यामुळे २०२३ पासून दिवसाला १,२०० जणांनाच वर सोडण्याची मर्यादा घालण्यात आली, आणि चढणाऱ्याला ‘उपानात’ नावाच्या विणलेल्या चपला दिल्या जातात. संस्कृतातल्या ‘उपानह’ची आठवण करून देणारा हा शब्द वाचून मला फार आनंद झाला होता; पण तो आनंद या सदरात मांडावा, मार्गदर्शिकेत नव्हे. मार्गदर्शिकेत ‘चढण्याचे तिकीट वेगळे असते, ते आधीच काढावे’ हे लिहावे.

प्रश्न : एका सज्जन दिसणाऱ्या गृहस्थाने ‘आज प्रदर्शनाचा शेवटचा दिवस’ असे सांगून मला बातिकच्या दुकानात नेले आणि छापील कापड हाताने रंगवलेले म्हणून विकले. त्या दुकानाचे नाव मी पानावर जाहीर करणार आहे. (मुंबई)

आपला संताप रास्त आहे, पण दुकानाचे नाव लिहू नये. ते उद्या बदलेल, युक्ती मात्र तीच राहील. शिवाय नाव घेऊन केलेल्या आरोपाची शहानिशा कोणी करायची? त्याऐवजी युक्तीच लिहावी. रस्त्यात भेटलेला, चांगले इंग्रजी बोलणारा, ओळख नसताना आपुलकी दाखवणारा मनुष्य, आणि रोजच ‘शेवटचा दिवस’ असलेले प्रदर्शन. पाठोपाठ कापड कसे ओळखायचे, तेही सांगावे. मेण लावून रंगवलेल्या बातिकचा रंग दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा मुरलेला असतो, तर साध्या छापील कापडाची मागची बाजू सहसा फिकट असते. हाताने काढलेल्या नक्षीत एकच फूल दोन ठिकाणी हुबेहूब येत नाही. दुकानात उभे राहून कापड उलटून पाहायला अर्धे मिनिट लागते.

प्रश्न : राजवाड्याचा ग्रेबेग उत्सव पाहायचा आहे. निरनिराळ्या लिखाणांत निरनिराळे महिने दिले आहेत. खरा कोणता? (रत्नागिरी)

बहुधा सगळेच आपापल्या वर्षापुरते खरे आहेत. ग्रेबेग वर्षातून तीनदा होतो : रमजान संपल्यावर, बकरी ईदच्या सुमारास आणि पैगंबर-जयंतीला. भाज्या, मिरच्या आणि तांदळाचे पदार्थ रचून केलेले ‘गुनुंगान’ नावाचे डोंगर राजवाड्यातून मिरवत नेतात आणि लोक त्यांतले तुकडे प्रसादासारखे घरी नेतात. हे तिन्ही दिवस चांद्र महिन्यांवर बेतलेले असल्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकते. आपल्याकडे अधिक महिना घालून सण ऋतूशी जोडून ठेवतात. तिथे तशी सोय नाही.

यामागची गोष्ट मराठी वाचकाला विशेष रुचेल. मातारामच्या सुलतान आगुंगने १६३३ मध्ये, म्हणजे शके १५५५ मध्ये, जुन्या शकाचा आकडा तसाच पुढे चालू ठेवला, परंतु वर्ष मात्र इस्लामी पद्धतीचे केले. ते लहान असल्यामुळे जावानी वर्षांक भराभर वाढत गेला आणि आज आपल्या शालिवाहन शकाच्या सुमारे बारा वर्षे पुढे आहे. पानावर लिहिताना ‘ग्रेबेग ऑक्टोबरमध्ये असतो’ असे कधीही लिहू नये. पैगंबर-जयंतीच्या ग्रेबेगसाठी ‘जावानी मुलुद महिन्याची १२ तारीख’ असे लिहून पुढच्या दोन-तीन वर्षांच्या इंग्रजी तारखा द्याव्यात, आणि त्या संपल्या की पुढच्या घालण्याची आठवण स्वतःच्या दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावी.